थोरल्या लेकीसाठी: काम सोपवताना त्यामागची काळजीही कशी सोपवावी

हे मार्गदर्शन अशा थोरल्या मुलींसाठी आहे, ज्यांची भावंडेही आता कर्ती झाली आहेत आणि तरीही घरात काही अडले, कोणी रुसले, एखादा कागद सापडेनासा झाला, की पहिला फोन त्यांनाच येतो. अशा मुलीला "जरा स्वतःकडेही लक्ष दे" असे सांगणारे पुष्कळ भेटतात; तिने हातातली कामे खाली ठेवली तर ती उचलायची कोणी, हे मात्र त्यांपैकी कोणी सांगत नाही. माझे मत असे आहे की थोरलीचा थकवा कामांच्या ढिगातून जितका येतो, त्याहून अधिक तो त्या ढिगावर अष्टौप्रहर ठेवाव्या लागणाऱ्या लक्षातून येतो. त्यामुळे काम दुसऱ्याच्या हाती गेले आणि लक्ष तिच्याकडेच राहिले, तर तिचा भार फारसा हलका होत नाही. पुढचे सगळे विवेचन या एका मुद्द्याला धरून आहे.

त्याआधी एक समजूत तपासून घ्यावी लागेल. थोरली मुळातच समजूतदार आणि जबाबदार असते, असे घरोघरी मानले जाते, आणि ते इतक्या कौतुकाने बोलले जाते की तिलाही ते खरे वाटू लागते. जन्मक्रमाचा स्वभावावर परिणाम होतो हा विचार आल्फ्रेड ॲडलर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला आणि तो लोकांच्या तोंडी रुळला. मात्र २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी त्याला फारसा आधार दिला नाही. त्यांपैकी एक अमेरिकेतील सुमारे ३,७७,००० शालेय विद्यार्थ्यांच्या माहितीवर आधारलेला होता, तर दुसऱ्यात अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी येथील २०,००० हून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली होती. कर्तव्यदक्षता, मनमिळाऊपणा यांसारख्या स्वभावगुणांचा जन्मक्रमाशी असलेला संबंध जवळजवळ नगण्य असल्याचे त्यांतून दिसले. मग थोरलीच्या अंगी दिसणारी ही दक्षता येते कुठून? माझ्या मते ती सरावातून येते. युनिसेफने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार ५ ते १४ वयोगटातील मुली घरकामावर आणि पाणी-सरपण आणण्यावर त्याच वयाच्या मुलांपेक्षा ४० टक्के अधिक वेळ खर्च करतात. जगभराचा हिशेब केला तर हा फरक दिवसाला १६ कोटी तासांचा होतो. त्या वयात जिच्या मागे धाकटी भावंडे असतात, तिचा सराव अधिक कसून होतो, इतकेच. जे सरावाने अंगवळणी पडले आहे, ते थोड्या चिकाटीने बदलताही येते.

आधी नोंद, मग बोलणी

पहिले काम नोंदीचे आहे, आणि ते घरात कोणाशीही बोलण्यापूर्वी करावे. दोन आठवडे एक वही जवळ ठेवा आणि घरच्यांसाठी जे जे कराल ते त्यात लिहा. येथे बहुतेक जणी केवळ हाताने केलेली कामे लिहितात आणि यादी अपेक्षेपेक्षा लहान निघाल्यावर स्वतःलाच अपराधी ठरवतात. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ महिलेने २०१९ साली घरातल्या बौद्धिक श्रमाची फोड चार टप्प्यांत केली होती: गरज आधी ओळखणे, ती भागवण्याचे पर्याय शोधणे, त्यांतून निर्णय घेणे, आणि मग सगळे नीट पार पडते आहे ना यावर नजर ठेवणे. तिने अभ्यासलेल्या जोडप्यांमध्ये निर्णय बहुधा दोघांनी मिळून घेतले जात, पण गरज ओळखणे आणि नजर ठेवणे हे पहिले आणि शेवटचे टप्पे प्रामुख्याने स्त्रीच्या वाट्याला आलेले दिसत. तो अभ्यास पतिपत्नींचा होता, तरी थोरल्या मुलीने आपली वही याच चार टप्प्यांनुसार भरावी असे मी सुचवेन.

एक साधे उदाहरण घ्या. वडिलांची रक्तदाबाची औषधे धाकटा भाऊ आणतो. विचारले तर तो म्हणेल, "औषधांचे सगळे मीच बघतो," आणि तसे म्हणताना तो खोटे बोलत नसेल. पण पाकिटात चारच गोळ्या उरल्या आहेत हे फोनवर वडिलांना विचारून कोणी काढले? मागच्या तपासणीत डॉक्टरांनी एक गोळी निम्म्यावर आणली आहे आणि जुनी चिठ्ठी दाखवली तर दुकानदार पूर्वीचीच मात्रा देईल, हे कोणाच्या लक्षात होते? भावाला नव्या चिठ्ठीचा फोटो कोणी पाठवला, त्याने तो पाहिला की नाही हे दुपारी कोणी तपासले, "आणल्यास का?" हे संध्याकाळी कोणी विचारले, आणि रात्री वडिलांना पुन्हा फोन करून गोळीचे नाव कोणी वाचून घेतले? भावाची दुकानापर्यंतची फेरी पंधरा मिनिटांची. बहिणीचे त्याच कामाभोवतीचे लक्ष दिवसभराचे. वहीत ही सहाही कामे स्वतंत्र ओळींवर लिहा. पुढे घरात बोलताना "मी किती करते" या तक्रारीपेक्षा ही सहा ओळींची नोंद अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यावर वाद घालायला फारशी जागा राहत नाही.

नोंद पूर्ण झाल्यावर प्रत्येक ओळीसमोर स्वतःला एक प्रश्न विचारा: हे काम मी केले नाही तर नेमके काय होईल? काही कामे तुम्ही आनंदाने करता आणि करत राहाल; ती तशीच ठेवावीत, कारण सर्वच सोडून देणे हा या खटाटोपाचा हेतू नाही. बरीच कामे दुसरे कोणीही प्रौढ माणूस करू शकेल. थोडी कामे अशी निघतील की ती कोणीच केली नाहीत तरी कोणाचे काही बिघडणार नाही. तुम्हीच ती कधीतरी सुरू केली होती आणि आता ती परंपरा होऊन बसली आहेत. ही शेवटची कामे कोणालाही न सांगता बंद करावीत. बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही.

याच टप्प्यावर एक अवघड प्रश्नही स्वतःला विचारायला हवा. "तुझ्याशिवाय या घराचे पान हलत नाही" हे वाक्य ऐकताना कंटाळ्याबरोबर थोडे सुखही वाटते का? बहुतेक थोरल्या मुलींना ते वाटते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. लहानपणी जिला शाबासकी प्रामुख्याने उपयोगी पडल्याबद्दल मिळाली, तिला उपयोग आणि माया यांचा धागा वेगळा करणे कठीण जाते. तथापि हे सुख ओळखून ठेवले नाही तर पुढे अडचण होते: काम धाकट्याकडे सोपवले जाते, तो ते आपल्या पद्धतीने करतो, आणि "असे नाही करत, सोड, मीच करते" म्हणत ते आठवडाभरात परत घेतले जाते. कुटुंबोपचाराचा पाया घालणारे मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी या जोडीचे वर्णन केले आहे. एक जण गरजेपेक्षा अधिक करत राहतो तेव्हा दुसरा आपोआप कमी करू लागतो, आणि दोघेही परस्परांना त्याच जागी टिकवून धरतात. म्हणजे धाकट्याचा ढिसाळपणा आणि थोरलीची तत्परता या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत.

सोपवायचे कसे

"मला जरा मदत करत जा" अशी विनंती करू नये. तिने एखादी फेरी, एखादा फोन पदरात पडतो. लक्ष ठेवण्याचे काम तुमच्याकडेच राहते. त्याऐवजी संपूर्ण काम, चारही टप्प्यांसह, एका व्यक्तीच्या नावावर आणि एका तारखेपासून द्यावे. सोपवताना त्या कामाची तुमच्या डोक्यात असलेली सगळी माहिती एकदाच लिहून द्यावी: संबंधित लोकांचे क्रमांक, कागद कोठे ठेवले आहेत, मागच्या वेळी काय अडचण आली होती. धाकट्या भावाशी बोलणे साधारण असे होऊ शकते:

"विम्याचे हप्ते आणि घराची देखभाल ही दोन कामे येत्या महिन्यापासून तुझ्याकडे. सगळे कागद या धारिकेत आहेत, तारखा पहिल्या पानावर लिहिल्या आहेत. मी आठवण करणार नाही. तारीख तुझ्या लक्षात राहायला हवी."

"ताई, पण तूच हे नीट करतेस. माझ्याकडून काही राहून गेले तर?"

"राहिले तर दंड भरावा लागेल आणि तो तू भरशील. पहिल्या वेळी माझ्याकडूनही राहिले असेल. काही अडले तर विचार, मी सांगेन. पण काम तुझे."

या संवादात ताईने स्तुती नाकारली नाही आणि स्वीकारलीही नाही, हे लक्षात घ्या. "तूच हे नीट करतेस" हे वाक्य बहुधा मनापासून म्हटलेले असते, पण त्याचा परिणाम काम जिथे होते तिथेच राहण्यात होतो.

कोणते काम आधी सोपवायचे याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. चूक झाली तर ज्याची किंमत कमी आहे, असे काम प्रथम द्यावे. वडिलांच्या औषधांपासून कधीही सुरुवात करू नये, कारण तिथे चूक झाली तर तुम्हाला मध्ये पडावेच लागेल, आणि एकदा मध्ये पडलात की पुढचे सहा महिने सगळे तुमच्याकडेच पाहत बसतील. हप्ते, दुरुस्त्या, प्रवासाची आरक्षणे, नातेवाइकांना निरोप देणे अशी कामे आधी जाऊ द्यावीत. औषधे आणि तपासण्या त्या माणसाचा हात बसल्यानंतर द्याव्यात आणि तेव्हा थोडे दिवस दोघांनी मिळून कराव्यात.

सोपवल्यानंतरचे दिवस सर्वांत कठीण असतात आणि त्यांची कल्पना आधीच असलेली बरी. काम उशिरा होईल, वेगळ्या रीतीने होईल, क्वचित होणारच नाही. त्यातच आईवडील तुम्हाला पूर्वीपेक्षा अधिक फोन करतील. यात त्यांचा काही कट नसतो. ज्या वागण्याला आजवर ठरावीक प्रतिसाद मिळत होता, तो प्रतिसाद थांबला की ते वागणे ओसरण्यापूर्वी काही काळ वाढते, हे वर्तनशास्त्रात नोंदवलेले आहे. हा काळ काही आठवड्यांचा असू शकतो. त्यात तुम्ही एकदा जरी "बरे, या वेळेपुरते मी करते" म्हणालात, तर पुरेसा जोर लावला की ताई ऐकते, एवढाच धडा घरातले सगळे घेतील. म्हणून या काळात एकच उत्तर पुन्हा पुन्हा, त्याच शांतपणे द्यावे: "ते आता त्याच्याकडे आहे, त्याला फोन करा."

खऱ्या आणीबाणीचे काय, असा प्रश्न येथे येतो. त्याचे उत्तर आधीच सर्वांनी मिळून ठरवून ठेवावे: रुग्णालयात न्यावे लागणे, अपघात, घरात सुरक्षिततेला धोका, एवढ्यासाठी रात्री-बेरात्री फोन करावा, बाकी सर्व गोष्टी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकतात. ज्या घरात ही व्याख्या कधी बोलली गेलेली नसते, त्या घरात हरवलेली पावतीसुद्धा आणीबाणी ठरते.

भाऊ असेल तर आणखी एका गोष्टीकडे डोळसपणे पाहावे. अँजेलिना ग्रिगोरिएव्हा या संशोधिकेने अमेरिकेतील माहितीवरून २०१४ साली दाखवले की वृद्ध आईवडिलांच्या देखभालीसाठी मुली महिन्याला सरासरी १२.३ तास देत होत्या, तर मुलगे ५.६ तास, शिवाय बहीण असेल तर मुलगे आपला वाटा कमी करतात आणि भाऊ असेल तर मुली आपला वाटा वाढवतात, असेही तिला आढळले. तेव्हा "त्याला जमत नाही" हे मान्य करण्यापूर्वी, बहीण नसती तर त्याला जमले असते का, असा विचार अवश्य करावा. अर्थात भावाकडे काम म्हणून दिलेले प्रत्यक्षात त्याच्या पत्नीच्या अंगावर पडत असेल, तर ती वाटणी झाली असे म्हणता येणार नाही. एका घरच्या थोरलीचा भार दुसऱ्या घरच्या लेकीवर गेला, एवढेच.

मधला दुवा होणे थांबवताना

काही कामे सोपवता येत नाहीत, कारण ती कोणीच करू नयेत अशी असतात. आईचे वडिलांविषयीचे गाऱ्हाणे ऐकणे, ते वडिलांच्या कानावर हळुवारपणे घालणे, मग त्यांची बाजू आईला समजावणे, आणि दोन भावंडांतला अबोला दोघांशी वेगवेगळे बोलून मिटवणे, ही त्यांतली मुख्य. दोन माणसांमधला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात आणि त्यामुळे मूळ ताण सुटण्याऐवजी टिकून राहतो, असे बोवेन यांचे निरीक्षण होते. मधल्या माणसाला दोन्हीकडून माया मिळते, आणि बिनसले की दोन्हीकडून बोलणीही खावी लागतात.

यातून बाहेर पडताना ऐकणे बंद करण्याची गरज नसते. फक्त निरोप्या होणे थांबवावे. "आई, तुला त्रास होतो आहे हे मला कळते. पण हे तू बाबांशी बोल. मी त्यांना काही सांगणार नाही आणि त्यांनी विचारले तर तुझ्याशी बोलायला सांगेन." पहिल्यांदा हे ऐकून आई दुखावेल, "आता तुलाही माझे जड झाले" असे म्हणेल. त्यावर स्पष्टीकरणांची रास घालू नये. थोड्या वेळाने दुसऱ्याच विषयावर आपण होऊन फोन करावा, म्हणजे तक्रारीशिवायही लेक आपल्याशी बोलते हे तिच्या अनुभवाला येईल. मला हा उपाय लांबलचक समजुतीपेक्षा परिणामकारक वाटतो.

अपराधीपणाची भावना या सर्व काळात सोबत राहील. ती आली म्हणजे काहीतरी चुकले, असे समजण्याचे कारण नाही. जुनी सवय मोडताना ती येतेच. तपासायचे असेल तर एवढेच तपासावे: माझ्या नकारामुळे कोणाचे खरोखर नुकसान झाले, की कोणाची केवळ गैरसोय झाली? नुकसान झाले असेल तर वाटणी पुन्हा पाहावी. गैरसोय झाली असेल तर ती सोसण्याइतके घरातले सगळे मोठे आहेत.

पैशांविषयी थोडक्यात. भावंडाला रक्कम देताना ती मदत आहे की उसनी, हे त्याच वेळी बोलून घ्यावे, आणि महिन्याला आपण घरासाठी किती देऊ शकतो याचा आकडा आधी ठरवून मागणी आली की तो पाहावा. एका भावंडाचे कर्ज दुसऱ्यांपासून लपवून फेडू नये. ते लपवणे हेही पुढे एक कायमचे काम होऊन बसते.

हा सगळा मार्ग ज्या घरात बोलता येते अशा घरासाठी आहे. जिथे नकाराला मारहाण, धमक्या, शिक्षण किंवा पैसे बंद करणे अशी उत्तरे मिळतात, तिथे सर्वांना एकत्र बसवून वाटणीची बोलणी करण्याच्या भरीस पडू नये. तिथे आधी घराबाहेरचे एक विश्वासाचे माणूस, स्वतःच्या नावाचे खाते आणि स्वतःची कागदपत्रे हाताशी असणे महत्त्वाचे आहे. तसेच झोप उडाली असेल, भूक मंदावली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर कामांच्या वाटणीची वाट न पाहता डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्याकडे जावे.

थोरली अजून लहान असेल तर

हे वाचणाऱ्यांत लहान मुलींचे आईवडीलही असतील. मुलावर पालकाची भूमिका लादली जाण्याला इव्हान बोसोर्मेनी-नाज आणि जेराल्डिन स्पार्क यांनी १९७३ साली स्वतंत्र संज्ञा दिली, आणि तेव्हापासून त्यावर बरेच लिहिले गेले आहे. मात्र थोरलीला काही काम सांगणेच चुकीचे, असा त्याचा अर्थ नाही. कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांच्या मते मोठ्या कुटुंबात, किंवा एकट्या पालकाच्या घरात, मोठ्या मुलाने धाकट्यांची काही जबाबदारी घेणे ही चालू शकणारी व्यवस्था आहे. अट एवढीच की जबाबदारी स्पष्ट शब्दांत सांगितलेली असावी, वयाला झेपणारी असावी, आणि पालकाने स्वतः अंग काढून घेतलेले नसावे. "तासभर भावाजवळ बस, मी सहाला येते" हे काम झाले. "तू मोठी आहेस, लक्ष ठेव" याला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही. भाऊ पडला तर बोलणी तिला बसत असतील, तर ती जबाबदारी पालकांची आहे हे दोघांनाही ऐकू जाईल असे सांगावे. आणि ज्या वयात थोरलीने एखादे काम करायला सुरुवात केली, त्या वयात धाकट्यालाही ते यायला हवे, मग तो मुलगा असो वा मुलगी.

मोठ्या झालेल्या थोरल्यांच्या बाबतीत शेवटची एक व्यवस्था सांगायची राहिली. एकदा केलेली वाटणी कायम टिकत नाही: कोणाची नोकरी बदलते, कोणाला मूल होते, आईवडिलांची प्रकृती पूर्वीसारखी राहत नाही. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी सर्व भावंडांनी अर्धा तास बोलून कामांची यादी पुन्हा पाहावी, आणि त्यात तुमच्या नावापुढची कामेही कमी होऊ शकतात हे गृहीत असावे. ही बैठक ठरवण्याचे, सर्वांना आठवण करण्याचे आणि ठरलेले लिहून काढण्याचे काम पहिल्यापासूनच धाकट्यांपैकी कोणाकडे तरी द्यावे. त्या व्यक्तीने बैठक बोलावली नाही, तर तुम्ही ती बोलावू नये. वाटणी होती तशी पुढे चालू राहील, आणि ज्याला ती जड होईल तो स्वतःहून तारीख कळवेल.